आधी गोत्र, मग डायलिसिस

माझ्या नवऱ्याने डावा हात पुढे केला. सवयीने. डायलिसिसच्या सुया त्याच हातात टोचतात. समोर चांदीचा तांब्या घेऊन उभे असलेले शेठजी एक पाऊल मागे सरले. "दाहिना," म्हणाले. नवऱ्याने उजवा पुढे केला. सुजलेला.

ट्रस्टच्या त्या दवाखान्यात डायलिसिस फुकट होतं. फुकट म्हणजे दान. कोणी वडिलांच्या श्राद्धानिमित्त एका रोग्याचं डायलिसिस दान करायचं, त्याच्या तळहातावर तीळ-पाणी सोडून संकल्प करायचा, मगच मशीन सुरू. पितृपक्षात काशीत दात्यांना तोटा नाही. पक्ष सरला की मशीनवर चादर, आणि आम्ही दाता शोधत हिंडायचं. किडनीला पंचांग कळत नाही.

त्या दिवशी शेठजी यायला दुपार झाली. नवरा सकाळपासून बाकावर धापा टाकत होता. मशीन रिकामं, नर्स रिकामी, तरी सुई नाही. "दाता आए बिना कैसे होगा?" मॅनेजर म्हणाला. शेजारी मदनपुऱ्याची सलमा बसली होती, विणकराची बायको. तिचंही तेच दुखणं. श्राद्धाचं दान तिला कोण देणार? तरी यायची. एखाद्या दात्याला चालेल म्हणून.

शेठजींनी तांब्या कलता केला आणि थांबले. "ब्राह्मण हैं न? कौन गोत्र?"

मी तोंड उघडायच्या आत मॅनेजर बोलला, "महाराष्ट्र के पंडित हैं, दुर्गाघाट के."

दुर्गाघाटावर मराठी बोलणारा म्हणजे भटजीच, असं इथे सगळे धरून चालतात. आमचे पूर्वज महाराष्ट्रातून आले ते पालख्या खांद्यावर घेऊन. पालखीतले इथले पंडित झाले. आम्ही भोईच राहिलो. त्यांच्या घरी पाणी भरलं, भांडी घासली. भाषा तेवढी दोघांची एक राहिली.

मॅनेजर डोळ्यांनी खुणावत होता. तसा भला माणूस. रोगी वाचावा म्हणूनच खोटं बोलला. नवरा पुटपुटला, "हो म्हण गं. किसका क्या जाता है. मला श्वास पुरत नाही."

मी म्हणणारच होते. तेवढ्यात सलमाने चप्पल पायात सरकवली आणि भिंत धरून दाराकडे निघाली. रागाने नाही. तिला इथला नियम पाठ होता. श्वास तिलाही पुरत नव्हता. मी गोत्र सांगितलं की आम्ही आत, ती बाहेर. उद्या दुसरा शेठ येईल, त्याला आणखी काही हवं असेल, आणि मी तेही सांगेन.

"नहीं," मी म्हणाले. "हम ब्राह्मण नहीं हैं. बीमार हैं."

शेठजी चिडले नाहीत. चिडले असते तर बरं वाटलं असतं. त्यांनी तांब्या सरळ केला आणि मॅनेजरला हळूच म्हणाले, "तो कोई दूसरा देख लीजिए." भाजी निवडताना किडकं वांगं बाजूला ठेवावं तसं.

नवरा दारात बसकण मारून रडला. मला शिव्या दिल्या. त्याचं काय चुकलं? बाणा माझा, जीव त्याचा. ती टोचणी अजून आहे, खोटं कशाला बोलू.

त्याला आणि सलमाला एकाच ई-रिक्षात घालून सरकारी दवाखान्यात नेलं. तिथे दोन मशीनं. एक बंद, सुटा भाग यायचाय म्हणून. दुसऱ्यापुढे रांग. जात कोणी विचारली नाही, पण नंबर लागेपर्यंत संध्याकाळ झाली. बंद मशीनचं विचारायला गेले तर तिथले साहेब म्हणाले, "बजट नहीं है. ट्रस्ट में जाइए, वहाँ फ्री है."

"वहाँ दान है, साहब. हमको इलाज चाहिए."

काशीत दान दिलं की पुण्य लागतं. कर भरल्याचं पुण्य कोणाला लागत नाही. पण साबणाची वडी घेतली तरी मी कर भरते. शेठजीही भरत असतील, कुरकुरत. त्या पैशावर माझ्या नवऱ्याचा हक्क आहे, सलमाचाही. तो पैसा बारा महिने दवाखान्यात आला पाहिजे, कोणाचा बाप कधीही मेलेला असो. एवढं साधं कळायला मला चाळिशी उलटावी लागली.

फार थकले आहे. लोकांच्या पोळ्या लाटून दर सोमवारी साहेबांच्या दारात जाऊन बसते. सलमाचा नवरा असतो, रांगेतले आणखी काही जण. शिपाई हाकलतो. आम्ही परत बसतो. ते मशीन अजून बंदच आहे.

परवा मॅनेजरचा निरोप आला. नवा दाता आलाय, तो जात विचारत नाही, फक्त हात जोडलेला फोटो घेतो. मी नवऱ्याला म्हटलं, "तुम्हाला जायचं तर मी पोचवते. अडवणार नाही."

तो म्हणाला, "सोमवारी मलाही ने. दारात रोगी दिसला पाहिजे."

नेणार. बसवेनासं झालं तर तिथेच आडवा होईल. ते बंद मशीन चालू होईपर्यंत साहेबांचं दार आम्ही मोकळं सोडणार नाही.