तापव आणि थांब

दुपारी चारची संपादकीय बैठक सुरू होती तेव्हा वहिनींचा फोन आला. मी उचलला नाही. दुसऱ्यांदा आला तेव्हा बाहेर जाऊन घेतला. "भावजी, ते गेले," त्या म्हणाल्या. "जेवून आडवे झाले होते... उठवायला गेले तर..." मी वेळ विचारली. सवयीनं. त्यांनी ती सांगितली, आणि ती मी हातातल्या कागदावर लिहूनही घेतली. त्याला आता सहा आठवडे झाले.

मोहन परब लालबागला आमच्या चाळीच्या जिन्याखाली जुन्या स्कूटर दुरुस्त करत. माझ्या वडिलांची स्कूटर त्यांच्याकडेच असे, त्यामुळे ओळख वारशानं आली. माझ्याहून दहा वर्षांनी मोठे. मी त्यांना दादा म्हणायचो, ते मला बातमीदार. टू-स्ट्रोक इंजिन उघडून त्याची बेअरिंगं बदलणं हे त्यांचं खास काम होतं आणि त्यासाठी लांबून माणसं येत. गिऱ्हाईकानं "चालेल ना?" असं विचारलं की ते चिडत. "चालेल हा शब्द इथे नाय. बेअरिंग बसला, नायतर नाय बसला. मधलं काही नसतं."

चाळ पुनर्विकासात गेली. दादा आणि वहिनी परळच्या एका संक्रमण शिबिराच्या इमारतीत चौदाव्या मजल्यावर राहायला गेले. तिथे वर्षभरातच दादांची उजवी बाजू गेली. इस्पितळातून आणलं तेव्हा चौघांनी धरून त्यांना लिफ्टमध्ये उभं केलं होतं, कारण चाकाची खुर्ची लिफ्टमध्ये मावत नव्हती. त्यानंतर ते खाली उतरले नाहीत. खिडकीतून त्यांना शेजारच्या इमारतीची चौदाव्या मजल्यावरची खिडकी दिसे. खाली आवारात त्यांची स्वतःची स्कूटर ताडपत्रीखाली उभी होती, तिचं इंजिन मात्र खोललेल्या अवस्थेत वर, पलंगाखाली. चाळ सोडण्याच्या गडबडीत ते तसंच राहिलं होतं.

"एकदा तिचा आवाज ऐकायचाय," ते मला म्हणाले. "मग भंगारात घाला. मलापण."

मग दर रविवारी मी त्यांचा उजवा हात झालो. पद्धत त्यांची. इंजिनच्या केसिंगचे, म्हणजे बाहेरच्या कवचाचे, दोन अर्धे भाग असतात, प्रत्येकात एक मुख्य बेअरिंग बसतं. केसिंग गॅसवर तव्यावर ठेवायचं, पाण्याचा थेंब टाकल्यावर तो नाचला की ते पुरेसं फुगलं. बेअरिंग आदल्या दिवसापासून फ्रीजरमध्ये, म्हणजे ते आक्रसतं. मग सरळ धरून सोडायचं. आपल्या वजनानं ते आत जातं. तिरकं गेलं तर मधेच अडकतं, ना आत ना बाहेर. अशा वेळी हातोडी उचलायची नाही. तापव आणि थांब. ठोकायचीच वेळ आली तर जुन्या बेअरिंगचं बाहेरचं कडं घासून त्यांनी एक कडं बनवलं होतं, ते मध्ये ठेवून नव्या बेअरिंगच्या फक्त बाहेरच्या कड्यावर. आतल्या कड्यावर मारलं की घाव मधल्या गोळ्यांवर बसतो, बेअरिंग जन्मभर गुणगुणत राहतं.

वहिनींनी पहिल्याच शनिवारी सुरमई फ्रीजरमधून बाहेर काढली. "ह्या घरात माशाक जागा नाय, लोखंडाक आसा," त्या म्हणाल्या.

"सुरमई आवाज करत नाय," दादा म्हणाले.

पहिलं बेअरिंग बसलं. टक्. दादांनी डोळे मिटले. दुसऱ्या रविवारी दुसरं घेतलं. त्याच वेळी खिशातला फोन वाजला, माझा हात हलला आणि बेअरिंग तिरकं अडकलं. दादा आतल्या खोलीत होते, वहिनी त्यांना बसतं करत होत्या. मी पुन्हा तापवायला हवं होतं. माझ्या कामात थांबणं बसत नाही. मी हातोडी घेतली आणि हाताला लागेल तो पाना ठेवून मारली. आतल्या कड्यावर. दोनदा. ते आत गेलं.

"कुठे मारलास?" आतून आवाज आला.

"बाहेरच्या कड्यावर."

वहिनींनी त्यांना धरून आणलं. त्यांनी डाव्या हाताचं बोट घालून बेअरिंग फिरवलं. पुन्हा फिरवलं. माझ्याकडे पाहिलं नाही. "चालेल," म्हणाले.

तीस वर्षांत तो शब्द मी त्यांच्या तोंडून पहिल्यांदा ऐकत होतो.

इंजिन जोडलं गेलं. खाली स्कूटरला बसवून मी किक मारली आणि त्यांनी सांगितल्याप्रमाणे वर त्यांना फोन लावून मोबाइल इंजिनाजवळ धरला. चौथ्या किकला ती सुरू झाली. आवाजाखाली एक बारीक गुणगुण होती. ती मला ऐकू येत होती, म्हणजे त्यांनाही. ते बराच वेळ ऐकत राहिले. "बंद कर आता," म्हणाले. "चहाला ये."

त्यानंतर चार रविवार मी चहाला गेलो. आम्ही चाळीबद्दल बोललो, माझ्या नोकरीबद्दल बोललो. प्रत्येक वेळी मी उठलो की ते विचारत, "आणि काय रे, बातमीदार?" मी म्हणायचो, "काही नाही, दादा." पाचव्या रविवारापूर्वी ते गेले.

मागच्या आठवड्यात वहिनींकडे गेलो. त्या सरबतासाठी बर्फ काढत होत्या. फ्रीजरमध्ये मागे प्लॅस्टिकच्या पिशवीत घट्ट गुंडाळलेलं काहीतरी होतं. मी विचारलं.

"बेअरिंग. तुम्ही दुसरा बसवलात ना, त्याच्या दुसऱ्याच दिवशी त्यांनी फोन करून मागवला. मी म्हटलं, आता कशाक? तर म्हणाले, ऱ्हवांदे. बातमीदार सांगूक येतलो."

मी पिशवी हातात घेतली. बोटं चिकटली.

"वहिनी, मी आतल्या कड्यावर मारलं होतं."

"माका त्यातला काय कळणा नाय," त्या म्हणाल्या. मग माझ्या हातातून पिशवी घेऊन तिच्या जागी ठेवली आणि फ्रीजर बंद केला. "रविवारी येवा. इंजिन वर घेऊन येवा. तवो मी घासून ठेवतंय."