कोंडिबाचा सांगावा

कोंडिबा हा सांगाव्याचा माणूस. भोरच्या वरच्या अंगाला डोंगरात धनगरांची एक वाडी होती, तिथला. वाडीत कुणी गेलं की लेकीबाळींच्या गावी निरोप घेऊन त्यालाच धाडायचे. त्याची रीत ठरलेली होती. दारात उभं राहायचं, उंबरा ओलांडायचा नाही, पाणी घ्यायचं नाही आणि 'मेली' हा शब्द तोंडातून काढायचा नाही. "जास्त झालंय, चला," एवढंच म्हणायचं आणि त्या माणसांना सोबत घेऊनच परतायचं.

चौतीस सालच्या सुमारास भोरात अशाच एका दारात त्याला त्रिंबक मास्तरांनी पाहिलं आणि तिथून सगळं बिघडलं. मास्तरांनी तेव्हा एक जुनं फ्रेंच नाटक मराठीत आणलं होतं. तिकडचा राजा म्हणे नाटककारांना तनखा बांधून द्यायचा, आणि दरबार खूष तरच नाटक चांगलं. नियमही फार कडक. जागा एक, दिवस एक, आणि रंगभूमीवर कुणी मरायचं नाही. मरण बाहेर घडायचं आणि निरोप्यानं येऊन ते सांगायचं. आपल्या भोरातही राजवाडा आहे, तेव्हा आपल्याला निदान एखादा शेला मिळायला हरकत नाही, असं मास्तरांच्या मनानं घेतलं. अडचण एवढीच होती, की शाळेतली पोरं नाटकातल्या राजपुत्राच्या मरणाची बातमी पाढे म्हटल्यासारखी सांगत.

"कोंडिबा, हे तुझंच काम आहे," मास्तर म्हणाले.

"खोटा सांगावा देऊ व्हय? पाप लागंल, मास्तर."

"अरे, नाटक राजवाड्याच्या चौकात आहे, वाड्यातली मंडळी पुढं बसणार आहेत. भर चौकात फेटा बांधतील तुला."

फेट्यानं पापाला मागं सारलं. कोंडिबाला वाचता येत नव्हतं, म्हणून मास्तरांनी ते लांबलचक भाषण त्याच्याकडून तोंडी घोटून घेतलं. मेंढरांमागं हिंडताना तो तेच पुटपुटत असे. वाडीतली माणसं हसायची.

नाटकाच्या दिवशी सकाळी वाडीतली अंबूबाई गेली. तिची एकुलती एक लेक, सारजाबाई, भोरात दिलेली. अंबूबाईचा दीर म्हादू कोंडिबाला म्हणाला, "सारजीला घिऊन ये. दिस मावळायच्या आत माती द्यायचीय. पोरीला आईचं तोंड दिसाया पायजे."

कोंडिबा दुपारी भोरात पोचला, पण सारजाबाईच्या दारात गेला नाही. सांगावा दिला की तिच्याबरोबर तसंच माघारी फिरावं लागणार आणि नाटक बुडणार. उन्हाळ्याचा दिवस मोठा असतो. नाटक दुपारचंच, ते आटोपून निघालो तरी पोचू, असा त्यानं हिशेब केला. हा हिशेब त्यानं कुणापाशी बोलून दाखवला नाही, कारण तो खोटा आहे हे त्याचं त्यालाही कळत होतं. एखादा माणूस तिच्याकडं धाडता आला असता. तेही त्यानं केलं नाही. मला त्याचा राग येतो तो इथं.

त्यात बडी मंडळी उशिरा आली. ती बसल्याशिवाय पडदा उघडायचा नाही, ही इथलीही रीत. कोंडिबा निरोप्याचा झगा घालून आत उभा होता. मास्तरांनी पाणी पुढं केलं, ते त्यानं घेतलं नाही. पहिल्या नाटकाची धास्ती असेल, असं मास्तरांना वाटलं.

शेवटी तो रंगभूमीवर आला. भाषण सगळं म्हणून झाल्यावर तो थांबला आणि मास्तरांनी न शिकवलेलं बोलला, "जास्त झालंय, चला." चौकात हुंदके फुटले. पुढच्या रांगेतल्या एका सरदारानं स्वतः उठून त्याला फेटा बांधला.

बायकांच्या बाजूनं एक बाई डोळे पुशीत धावत आली. सारजाबाईच ती. आपल्या माहेरचा माणूस राजवाड्यात बोलणार म्हणून मुद्दाम आलेली.

"काका, लई रडवलंत! उद्याच जाऊन आईला सांगते बगा."

"सारजे," कोंडिबा म्हणाला, "जास्त झालंय. चल."

ती हसली. "पुरं की आता."

त्यानं डोक्यावरचा फेटा काढून खाली ठेवला. मग तिचं हसू थांबलं.

दोघं चढण धावतच चढली. वाडीजवळ पोचेपर्यंत अंधारून आलं होतं आणि माणसं माती देऊन, ओल्या अंगानं परत येत होती. म्हादू म्हणाला, "लई वाट बगितली गं. ह्येला तर सकाळीच धाडला हुता." सारजाबाईनं कोंडिबाकडं एकदा पाहिलं आणि तिथंच खाली बसली.

त्यानंतर कोंडिबानं कुणाचा सांगावा नेला नाही. सारजाबाई त्याला एक शब्दही वाकडा बोलली नाही. तिनं चार माणसांत शिव्या दिल्या असत्या तर त्याला बरं वाटलं असतं. ती माहेरी आली की हा मेंढरं घेऊन पलीकडच्या माळाला निघून जायचा.

काही वर्षांनी जत्रेला आली तेव्हा तिनं त्याला तिथंच जाऊन गाठलं. शेजारी बसली.

"काका, त्या दिशी सकाळी आईचं तोंड तुमी बगितलं असंल. कसं दिसत हुतं? त्या राजाच्या पोराचं सांगितलंत, तसं मला सांगा."

कोंडिबानं तोंड उघडलं. जिभेवर मास्तरांचे शब्द आले, ते त्यानं गिळले.

"म्या न्हाई बगितलं, सारजे," तो म्हणाला. "म्या तुज्या आईच्या दारातच हुतो, पर तवा म्या माजं बोलणं पाठ करत हुतो."