शुक्रावरचं लग्न आणि नौपाड्यातले अभिप्राय

सुमती टिपणीस ठाण्याच्या एका मुलींच्या शाळेत भूगोल आणि गणित शिकवायची. वय बत्तीस, लग्न झालेलं नाही, जीभ तिखट. नौपाड्यात दोन खोल्यांत ती आणि तिची आई राहत. अक्षर मात्र असं, की तिनं फळ्यावर नुसती तारीख लिहिली तरी पुसायला मुलींचा हात धजायचा नाही.

या अक्षरापायीच नौपाड्यातल्या वाचक मंडळानं तिला धरून ठेवलं होतं. मंडळ दर संक्रांतीला एक हस्तलिखित अंक काढायचं. एकच प्रत, कापडी बांधणीची. ती घरोघर फिरायची, प्रत्येकाकडे दोन दिवस. शेवटची पानं अभिप्रायांसाठी कोरी सोडलेली असायची. सहा वर्षं हा अंक सुमतीनं एकटीनं उतरवून काढला होता. चंद्रावरच्या कविता, चंद्राला पाहून सुचलेल्या कविता, चंद्र ढगाआड गेला म्हणून केलेल्या कविता. "चंद्राचा व्यास किती हे यांतल्या एकालाही विचारू नये," ती आईला म्हणायची. "रडायला लागतील."

तिचा स्वतःचा जीव अडकला होता शुक्रावर. मुंबईहून येणाऱ्या एका मासिकात शुक्रावरची एक कादंबरी दर महिन्याला थोडी थोडी छापून यायची. नायक डॉ. त्रिविक्रम, स्वतः बांधलेल्या यानातून तिथं गेलेला. मंडळातले निम्मे लोक ती वाचत, पण सुमतीसारखी कोणी वाचत नसे. ती त्याची गणितं पुन्हा करून बघायची. एका ठिकाणी चूक सापडली तेव्हा तिला तो माणूस जास्तच आवडला. आणि १९५३च्या श्रावणात त्रिविक्रमचं यान शुक्राच्या समुद्रकाठच्या चिखलात रुतलं, नि मासिकच बंद पडलं. सुमतीनं संपादकाला दोन कार्डं टाकली. दुसरं परत आलं, 'पत्ता सोडून गेले' असा शेरा घेऊन.

"माणूस तिकडे चिखलात उभा, आणि हे बिऱ्हाड हलवून मोकळे!" ती आईवर खेकसली, जणू मासिक आईनंच बंद केलं होतं.

दसऱ्यापर्यंत तिनं वाट पाहिली, मग स्वतःच पुढं लिहायला बसली. वेधशाळेत आकडेमोड करणारी उत्तरा नावाची एक बाई तिनं निर्माण केली. त्रिविक्रमच्या गणितातली चूक हिनं पृथ्वीवर बसून ओळखलेली. ती दुसऱ्या यानातून शुक्रावर जाते, त्याला चिखलातून ओढून काढते, आधी त्याच्याशी कडाक्याचं भांडते आणि मग प्रेमात पडते. भटजीवाचून, घड्याळाला साक्ष ठेवून दोघं लग्न करतात. उत्तरा समुद्रकाठावरून ओंजळभर मीठ वेचून आणते आणि पहिला स्वयंपाक करते. अशी ही अठ्ठावीस पानं. सहा वर्षं दुसऱ्यांचे चंद्र उतरवणाऱ्या बाईनं यंदा स्वतःचा शुक्र अंकाच्या मधोमध बसवला, कोणाला न विचारता.

आईनं वाचून एवढंच विचारलं, "मुलाच्या घरी कोण कोण असतं?"

संक्रांतीला अंक निघाला आणि वीस घरं हिंडून फेब्रुवारीच्या अखेरीस सुमतीकडे परत आला. शाळेतून आल्या आल्या, चहाही न घेता, तिनं मागची पानं उघडली.

पहिला अभिप्राय मंडळाचे चिटणीस त्र्यंबकराव कर्णिक यांचा. कचेरीतून निवृत्त झाले, तरी लिहिताना हुकूम काढल्यासारखं लिहीत. 'विज्ञान हा पुरुषार्थाचा विषय आहे. लेखीकेने त्यात स्वयंपाकघर आणून शास्त्राचा अवमान केला आहे.'

दुसरा प्रभाकरचा. हा एका कारखान्यात नकाशे काढायचा आणि त्या मासिकाचे सगळे अंक त्यानं बांधून ठेवलेले. 'डॉ. त्रिविक्रमांनी असे वागणे अशक्य. चौथ्या प्रकरणात ते स्पष्ट म्हणतात, माझे लग्न गणिताशी लागले आहे. दुसऱ्याच्या नायकाला परस्पर बोहल्यावर चढवण्याची परवानगी घेतली होती काय?'

तिसरा बिनसहीचा. 'शुक्रावर नवरा मिळतो असे दिसते. ठाण्यात फार शोधला असेल.'

सुमतीला सहीची गरज नव्हती. तो लंगडा 'ठ' तिनं सातवीच्या वर्गात वर्षभर सुधारायला घेतला होता. हेमा. आता वकिलाची बायको झालेली, आणि समोरच्याला उंबऱ्याबाहेर ढकलल्यासारखं हसणारी. सुमतीनं पान जरा जोरातच उलटलं. ते काही शुद्धलेखनामुळे नव्हतं.

कोणी एकानं लिहिलं होतं, 'ही गोष्ट आम्ही वाचली नाही. घरात मुली असल्यामुळे पाने टाचून ठेवली.' टाचणी नेमकी लग्नाच्या रात्रीच्या पानांना लावलेली होती. न वाचता त्याला जागा बरोबर कळली होती. आणि त्या पानांना टाचणीची भोकं होती अकरा, म्हणजे पुढच्या घरांनी ती काढून, वाचून, सोज्वळपणे परत लावली होती. बाकी सातजणांनी लिहिलं होतं, 'अक्षर सुंदर.'

सगळ्यांत शेवटी, कारण त्याचं नाव यादीत शेवटी होतं, काळुराम. कोपरीचा. मीठबंदराकडच्या मिठागरावर मुकादमी करणारा, मंडळाचा आगरी समाजातला एकुलता एक सभासद. त्यानं पेन्सिलीनं लिहिलं होतं: 'ढगात मिठ धरत नाही. ऊन पाहिजे, वारा पाहिजे. शुक्रावर कायम ढग आहेत असे पान तीनवर आहे, मग बाईने ओंजळभर मिठ कुठून वेचले? बाकी दोघांचे जमले ते बरे झाले. पुढे काय झाले?'

सुमतीनं तपासायच्या वह्यांवरची लाल शाई उचलली आणि अभिप्राय तपासले. त्र्यंबकरावांना 'लेखीका'खाली रेघ मारून दहापैकी तीन. प्रभाकरला 'पाठांतर उत्तम, आकलन शून्य.' हेमाला '"ठ" अजून तसाच. बुद्धीही.' टाचणीवाल्याला 'न वाचलेल्या उत्तरपत्रिकेस गुण नाहीत.' आणि काळुरामला 'मिठ नव्हे, मीठ. विषयांतर. दोन.' मग अंक बंद करून तो तिनं मंडळात पोचता केला.

पुढच्या रविवारी त्र्यंबकरावांच्या ओसरीवर सभा भरली. एरवी वार्षिक सभेला गणसंख्या जमायची मारामार. त्या दिवशी सतरंजी पुरेना.

"सुमतीबाई," त्र्यंबकराव घसा साफ करून म्हणाले, "मंडळाच्या अंकावर लाल शाई हा उद्धटपणा आहे. आपण दिलगिरी लिहून द्यावी."

"देते की. 'लेखिका' दहा वेळा लिहून आणा, त्याच्याखाली लिहून देते."

"हा काही वर्ग नाही!" प्रभाकर उसळला. "आणि टिपणीसबाई, प्रश्न शुद्धलेखनाचा नाहीच. त्रिविक्रमांसारखा माणूस..."

"त्रिविक्रमला चिखलात सोडून मासिक पळालं, तेव्हा तुम्ही काय केलंत? अंक बांधून घेतलेत! मी निदान त्याला बाहेर काढला."

काहीजण हसले. मागं दाराशी काळुराम उभा होता. बसायला कोणी सांगितलं नव्हतं, आणि त्यानंही वाट पाहिली नव्हती. हसणं थांबल्यावर तो म्हणाला, "बाई, लिवन्यात चुकलो, ता मान्य. पन ढगात मीठ धरतंय का, ता सांगा ना."

ओसरी खदखदून हसली. शास्त्राच्या अवमानावर चर्चा चाललेली आणि याला मिठाची पडली होती! हसत नव्हती ती फक्त सुमती. बाष्पीभवन ती नऊ वर्षं शिकवत होती. समुद्र, सूर्य, वर जाणाऱ्या बाणांची आकृती, सगळं फळ्यावर रंगीत खडूनं. शुक्रावर सदा ढग असतात हे मूळ कादंबरीत होतं, तिच्या गोष्टीतही होतं. तीच चूक दहाव्यांदा करणाऱ्या पोरीकडे ती जशी बघायची, तसं तिनं स्वतःकडे बघितलं, आणि दिसलेलं तिला मुळीच आवडलं नाही.

"नाही धरत," ती म्हणाली. "तुझं बरोबर आहे." मग सभेकडे वळून, "तुमच्यापैकी एकाला तरी हे दिसलं? शास्त्राचे कैवारी!"

दिलगिरी तिनं दिली नाही. मंडळानं लाल शाईवर घोटीव कागद चिकटवले आणि पुढच्या अंकाचं उतरवणं तिच्याकडून काढून घेतलं. ते प्रभाकरनं केलं. नकाशावरच्या आकड्यांसारखं त्याचं अक्षर. कविता वाचताना लोकांना एखाद्या पुलाचे खांब मोजल्यासारखं वाटायचं.

सभेच्याच आठवड्यात सुमती मीठबंदराकडे गेली. छत्री घेऊन, शाळेच्या चपला घालून, तपासणीला आल्यासारखी. काळुरामनं तिला बांधावरून फिरवलं. भरतीचं पाणी आधी मोठ्या तळ्यात घेतात, तिथून एका वाफ्यातून दुसऱ्या वाफ्यात सोडत नेतात, आणि शेवटच्या वाफ्यात पांढरी साय धरते. वाफ्याचा तळ पायांनी तुडवून तुडवून घट्ट केलेला असतो, नाहीतर मीठ काळं निघतं. त्या दिवशी नेमकं आभाळ भरून आलं होतं.

"आज नाय धरनार," काळुराम वर बघून म्हणाला. "असा चार दिस राह्यला तर हप्त्याची मेहनत पान्यात."

"मग शुक्रावर काय करायचं?" सुमतीनं विचारलं. मीठबंदरावर कोणी आजवर हा प्रश्न विचारला नसेल, पण काळुरामनं तो खरा प्रश्न समजून डोकं खाजवलं.

"घरून न्यावा लागंल. पन किती दिस पुरंल?"

घरी येऊन तिनं पुढची गोष्ट लिहायला एक वही घेतली. शुक्रावर मीठ नाही. उत्तराच्या यानात एकच डबा आहे. ती तो त्रिविक्रमपासून लपवते, कारण तो हिशेबी नाही, मूठ मूठ टाकील आणि परतीच्या प्रवासाला काही उरणार नाही. तो अळणी जेवतो, चिडतो, तिला कंजूष म्हणतो, आणि गणितातला तो जगप्रसिद्ध माणूस तीन महिने शुक्राचा समुद्र कढईत आटवत बसतो, आणि तळाशी उरतो नुसता कडू गाळ. पहिल्या गोष्टीतलं लग्न छान होतं; या वहीत संसार होता. वहीच्या शेवटी सुमतीनं पाच पानं कोरी सोडली आणि ती मंडळाकडे न पाठवता काळुरामच्या हातात दिली.

महिना उलटला तरी वही परत येईना. मग एके दिवशी प्रभाकर शाळेच्या फाटकाशी उभा दिसला.

"ती दुसऱ्या गोष्टीची वही कोपरीत फिरतेय म्हणे," तो इकडेतिकडे बघत म्हणाला. "जरा हवी होती. नुसत्या चुका काढायला."

"नंबर लावा," सुमती म्हणाली. "कोपरीत तेवीस घरं आहेत अजून."

त्यानं नंबर लावला. जूनमध्ये त्याच्याकडे वही गेली, आणि परत देताना त्यानं दोन पानं भरून चुका काढल्या होत्या. त्यांतल्या एकीसाठी त्याला सगळी वही दोनदा वाचावी लागली असणार, हे त्याचं त्यालाच कळलं नव्हतं. सुमतीनं त्याला पाच दिले. त्याहून वर त्याची लायकी नव्हती.

श्रावणात काळुरामची बायको सगुणा आली. मिठागरावर टोपल्या वाहणारी, अक्षरओळख नसलेली. काळुरामनं वही तिला वाचून दाखवली होती, दोनदा. उंच, खणखणीत आवाजाची बाई. सुमतीच्या आईनं पुढं केलेल्या पाटावर तिनं ठाण मांडलं आणि एकदम सुरुवात केली.

"तुमची ती उत्तरा मना पटली नाय, बाई."

"का?"

"नवऱ्याला अलनी जेवन घालतंय आनि वर प्रेम म्हनतंय! डबा लपवला कशाला? सांगाचा ना, हाय एवढाच हाय, जपून खा. मानूस काय पोर हाय?"

"सांगितलं असतं तर त्यानं ऐकलं असतं?" सुमती फणकारली. "तू त्याला ओळखत नाहीस. चिखलात यान रुतवणारा माणूस!"

"ऐकला नस्ता तर भांडाचा व्हता. लपवाचा नाय."

"भांडण पहिल्याच गोष्टीत झालंय."

"एका भांडनानी संसार व्हतंय का? तुमी लगीन नाय केला, तुमाला नाय कलाचा."

स्वयंपाकघरात आईच्या हातातली पळी थांबली. हेमानं लिहिलेली ओळ हीच होती की. पण सगुणाच्या तोंडून ती आली तशी सुमतीला बोचलीच नाही. बांधावरून पाय घसरेल म्हणून कोणी ओरडावं, तशी ती वाटली. ती उठली, टेबलावरून कोरी वही आणि पेन्सिल घेऊन सगुणासमोर जमिनीवरच बसली.

"बरं," ती म्हणाली. "तू असतीस तर डबा त्याला कधी दाखवला असतास? पहिल्या दिवशी, की मीठ निम्मं झाल्यावर?"

सगुणानं पदर खोचला आणि बोटांवर दिवस मोजायला सुरुवात केली.