पगारी खेळाडूचे पेढे
हॉकीच्या मैदानावर पाणी मारलं की त्या प्लास्टिकच्या हिरवळीला ओल्या रबराचा वास येतो. तो वास आला की सिंगापुरात सेंगकांगला मुलाकडे राहायला होतो, तेव्हाची एक संध्याकाळ आठवते. नात सतरा वर्षांची, ज्युनिअर संघात खेळायची. परदेशातल्या एका क्लबाने तिला पगारावर बोलावलं होतं. मी कुणाला न विचारता पेढे घेतले, थेट मैदानावर गेलो आणि तिच्या सरदारजी कोचच्या हातावर पेढा ठेवला. "किस खुशी में?" ते म्हणाले. मी नातीला म्हटलं, "सांग यांना, आता तू पगारी खेळाडू झालीस." ती कावरीबावरी झाली. "आजोबा, मी क्लबला 'येणार नाही' म्हणून कळवलंय. अजून दोन वर्षं ज्युनिअरमध्येच खेळणार, शिक्षण पण पुरं करणार." मी सगळ्या पोरींसमोर ओरडलो, "भित्री कुठली! तुझ्या वयात मी शाळा सोडून गिरणीच्या टीममध्ये पगार घेत होतो." ती हळूच म्हणाली, "आणि गुडघा गेल्यावर त्याच गिरणीच्या गेटवर वॉचमन झालात ना?" आजोबा चिडले का, असं कोचने विचारलं. तिने माझ्या हातातला खोका घेतला आणि हसत तिथल्या ढंगाच्या इंग्रजीत म्हणाली, "नो लाह! मी ज्युनिअरमध्येच राहतेय म्हणून खूश आहेत. आवाजच मोठा आहे त्यांचा." तेवढं इंग्रजी मला कळलं. पोरींनी माझ्यासाठी टाळ्या वाजवल्या आणि मी मान ताठ ठेवून त्या घेतल्या. ओरडण्यापेक्षा त्या टाळ्यांचीच मला आज जास्त लाज वाटते.