‘पुरे’ म्हणणाऱ्या पेशी

नवऱ्याच्या मेंदूतली गाठ काढली तेव्हाच डॉक्टरांनी सांगितलं होतं, गाठ साधी आहे, कॅन्सर नाही, पण जागा वाईट आहे. मेंदूच्या तळाशी हायपोथॅलॅमस नावाचा जेमतेम बदामाएवढा भाग असतो, त्यालाच ती चिकटली होती. तिथल्या काही पेशी ‘जेव’ म्हणतात, काही ‘पुरे’ म्हणतात. रिकाम्या पोटाकडून तिथे निरोप जातो, अंगातल्या चरबीकडूनही जातो, आणि माणसाने ताटावर बसायचं की उठायचं हे या पेशी ठरवतात. गाठीपायी ह्याच्या ‘पुरे’वाल्या पेशी दुखावल्या. आता पोट गच्च भरलं तरी वर कोणाला पत्ताच नाही!

लंडनजवळ वॉटफर्डला आमच्या घरी आल्यावर थोड्याच दिवसांत ते दिसायला लागलं. जेवून उठला की लगेच फ्रिजपाशी. ऑफिसच्या कॉलवर बिस्किटांचा अख्खा पुडा संपवायचा आणि मग माझ्याकडे बघायचा नाही. शेवटी तोच म्हणाला, “खाण्याच्या कपाटाला कुलूप लाव आणि किल्ली तुझ्याकडे ठेव. समोर दिसलं की मला आवरत नाही.” मी त्याच शनिवारी लावलं. रडतबिडत नाही, ड्रिल घेऊन लावलं.

आणि मग पुण्याहून सासूबाई आल्या. मुलगा ताट चाटूनपुसून खातोय बघून त्यांना कोण आनंद! “भूक लागतेय ना, मग सुधारतोय हो,” असं त्या फोनवर अख्ख्या पुण्याला सांगत होत्या. आमच्याकडे आग्रहाशिवाय जेवण झालं असं कोणी मानत नाही. वाढणाऱ्याने वाढत राहायचं आणि जेवणाऱ्याने ताटावर हात आडवा धरायचा, अशी ती रीत. ह्याचा हात आडवा येईचना. त्या वाढत राहिल्या, हा खात राहिला. वजन वाढलं, शुगर वाढली, डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सुनावलं.

त्या आल्यापासून उघडंच ठेवलेलं कुलूप मी परत लावलं, तेव्हा तर त्या कडाडल्याच. “पोराच्या घरात पोरालाच कुलूप? काय गं, जेलर आहेस का?”

माझंही डोकं फिरलं. “हो, आहे! आई, तुम्हाला वाटतंय त्याला भूक लागते. अहो, त्याची भूक थांबत नाही! थांबवणारंच जखमी झालंय. तुम्ही प्रेमाने वाढताय आणि तो आजारी पडतोय.”

“मग थांबेल कधी?”

“कदाचित कधीच नाही.”

त्या खुर्चीवर बसल्या. बराच वेळ पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिल्या. मला त्यांचं वाईट वाटलं, पण बोलले त्यातला एक शब्दही मागे घेतला नाही.

पुढच्या आठवड्यात गणपती बसले. वेम्बलीहून आणलेल्या केळीच्या पानावर सासूबाईंनी नैवेद्य वाढला. डावीकडे चटणी-कोशिंबीर, उजवीकडे भाजी, मध्ये वरण-भाताची मूद, सगळं एकदाच. पाणी फिरवलं, हात जोडले आणि तिथेच थबकल्या. मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, “देवाला कुठे आपण ‘अजून घ्या’ म्हणतो गं?”

त्या दिवसापासून मुलाचं पान त्या तसंच वाढायला लागल्या. एकदाच, मोजकं, नीट मांडून. वाढून झालं की भांडी आत. डॉक्टर खूश झाले. मी तर आमच्या घरच्या या इलाजावर जाम खूश होते. फक्त जेवताना घरात आवाज राहिला नाही. सासूबाई खाली मान घालून जेवायच्या, ओठावर आलेला आग्रह गिळून.

त्या परत जायच्या आदल्या दिवशी पोळ्या त्यांनीच केल्या. नवऱ्याचं पान संपलं. त्याने डब्याकडे पाहिलं, मग आईकडे.

“आई, आज एकदा आग्रह कर ना.”

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी मानेनेच हो म्हटलं. त्यांनी डब्यातली पोळी उचलली. “घे रे. अर्धी तरी घे. माझ्यासाठी.”

त्याने ताटावर हात आडवा धरला. “नको गं आई. पोट भरलं.”

साफ खोटं होतं ते, आणि आम्हा तिघांनाही माहीत होतं. सासूबाईंनी पोळी परत डब्यात ठेवली, डबा कपाटात ठेवला, माझ्याकडून किल्ली मागून घेतली आणि कुलूप स्वतःच्या हाताने लावलं.