कुलपातलं करडीचं तेल

आमच्या सासरी चूक कोणाचीही असो, ती शेवटी सुनेच्या पदरात येऊन पडायची. दूध उतू गेलं, सुनेचं लक्ष नव्हतं. बैल लंगडला, सुनेनं सकाळी समोरून रिकामी घागर नेली असणार. मामंजी, म्हणजे माझे सासरे, यांच्या हातून मात्र कधी चूक झाली नाही. झाली तरी संध्याकाळपर्यंत ती दुसऱ्याच्या नावावर चढलेली असे. हे मी थट्टेनं लिहीत नाही. त्या घराचं वळणच ते होतं, आणि एकदा मीही त्याच वळणानं गेले.

गाव कुरुंद्याच्या पलीकडचं, घर पाटलाचं, शेती हळदीची. राज्य निजामाचं. माझ्या लग्नाच्या आदल्या साली मामंजींनी एक लोखंडी तिजोरी आणली होती. वसमतच्या ठेसनावर उतरवून चार बैलांच्या गाडीनं ती गावात आली तेव्हा बायका ओवाळायला गेल्या होत्या म्हणे, नवरी आल्यासारख्या. मी आले तेव्हा एवढे लोक नव्हते. चावी मामंजींच्या करदोड्याला. आंघोळीलाही ती सुटत नसे.

दिवाळीत लक्ष्मीपूजनाला तिजोरीची पूजा होई. सासूबाईंनी घालून दिलेला रिवाज असा, की चावीच्या भोकात आधी पळीभर करडीचं तेल सोडायचं आणि मग हळदकुंकवाचं बोट आत फिरवायचं. "लक्षुमीचं तोंड कोरडं ठेवू न्हाई," असं त्या म्हणायच्या. माझ्या लग्नाच्या दुसऱ्याच साली त्या वारल्या आणि पूजा माझ्याकडे आली. नव्या सुनेला मान मिळाला की ती जरा जास्तच करते. मी बोट दोनदा फिरवीत असे.

चार-पाच दिवाळ्या गेल्या. एका फाल्गुनात, परसात हळद शिजवायच्या कढया चढल्या होत्या तेव्हा, चावी अर्धी फिरली आणि अडली. मामंजींनी जोर केला, माझ्या नवऱ्यानं केला. मग मामंजींनी एकच उपाय सांगितला: आणखी तेल घाला. तेल घातलं. दुसऱ्या दिवशी चावी अर्धीही फिरेना, तेव्हा वसमतला माणूस धाडला.

तिकडून आले ते चाचा. मुसलमान, बापआजापासून कुलपांचं काम. सगळे त्यांना चाचा म्हणत, मामंजी मिस्त्री म्हणत. आसपासच्या वीस गावांतल्या तिजोऱ्या त्यांच्या हाताखालून गेलेल्या. कोणाची चावी त्यांच्याकडे दोन दिवस राहिली तरी घरधनी बिनघोर झोपत असे. त्या धंद्यात कसबाला निम्मी किंमत आणि उरलेली निम्मी नावाला. नाव गेलं तर कसब घेऊन काय चुलीत घालायचं?

चाचांनी आल्याआल्या कुलपाला हात लावला नाही. चावी मागून घेतली आणि तिच्या दातांचा वास घेतला. मग कोंबडीचं पीस घासलेटात बुडवून भोकात फिरवलं आणि घासलेट आत मुरायची वाट बघत बसले. पुन्हा पीस, पुन्हा बसणं. मामंजी चुळबुळ करायला लागले. तासाभरानं चाचांनी दाराला खांदा लावून ते आत रेटून धरलं, लाकडी ठोकळ्यानं कुलपाच्या बाजूला हलके ठोके दिले आणि दोन बोटांनी चावी फिरवली. दार उघडलं. जोर लावलेला मला तरी दिसला नाही.

मामंजींनी डबे बाहेर काढून आपल्या खोलीत नेऊन ठेवले आणि कढया बघायला परसात गेले. चाचांनी दाराच्या आतल्या अंगाचे स्क्रू काढून कुलूप उघडं केलं. मी दाराआडून बघत होते. आत पितळेच्या पातळ पट्ट्या एकावर एक बसवलेल्या, आणि सगळ्या पिवळ्या चिकट खळीत रुतलेल्या.

"माय, इकडं बघा," चाचा म्हणाले. बांबूच्या काडीनं त्यांनी ती खळ खरवडून फडक्यावर घेतली. "करडीचं तेल वाळलं की चिकट सरस होऊन बसतं. त्याच्यात हळद. मग पट्ट्या उठतील कशा? पूजा खुशाल करा, पर दाराच्या कपाळाला करा. ह्या भोकात तेल न्हाई, हळद न्हाई. मालकाला बराबर सांगा. पुन्हा तेल गेलं तर मलाबी तकलीफ अन् तुमालाबी."

"सांगते," मी म्हटलं.

त्यांनी शिसपेन्सिल चाकूनं तासून तिची काळी पूड पट्ट्यांवर भुरभुरली आणि कुलूप बसवलं. चावी लोण्यात सुरी फिरावी तशी फिरली.

आता, सांगायचं म्हणजे कसं? मामंजींशी माझं बोलणं 'जी' एवढंच होतं, तेही डोईवर पदर घेऊन, दाराआडून. त्यांना सांगायचं, की तुमच्या लक्ष्मीच्या पूजेनंच कुलूप खाल्लं; सासूबाईंचा रिवाज चुकीचा, तुमचं तेल चुकीचं. मी वाक्य मनात घोकलं. चुलीपुढे घोकलं, विहिरीवर घोकलं. आज सांगू, उद्या सांगू करता करता दिवाळी आली. पूजेच्या वेळी मामंजी पाठीशी उभे होते. मी भोकापाशी पळी नेली आणि दोनच थेंब सोडले. "हात आखडून काहून राहिली? घाल भरून," ते म्हणाले. मी भरून घातलं. आत काय होणार हे माहीत असून घातलं.

माघात माझ्या नणंदेचं लग्न निघालं. दागिने तिजोरीत. हळदीच्या आदल्या दिवशी चावी पुन्हा अडली. ओसरीवर पाहुणे, दारात मांडव, आणि नवरीच्या पाटल्या आत. गाडी जुंपून चाचांना आणलं.

चाचांनी पुन्हा चावीचा वास घेतला. या वेळी मात्र त्यांनी मान वर करून आतल्या दाराकडे पाहिलं. मी पडद्यामागे होते.

मामंजी पाहुण्यांना ऐकू जाईल असे म्हणाले, "मिस्त्री, मागल्या खेपेला काय करून ठेवलं होतं तुमी? वरीसबी झालं न्हाई."

"पाटील, कुलपात पुन्हा तेल गेलं. मी मनाई केली होती."

"कोणाला?"

"सूनबाईला सांगून गेलो होतो."

ओसरीवरची दहा-बारा डोकी पडद्याकडे वळली. मामंजींनी विचारलं, "काय गं, हा म्हणून राहिला ते खरं हाय का? तुला काही सांगितलं होतं?"

मला अजून आठवतं, माझ्या हाताला कणीक लागली होती आणि मी ती बोटांनी खरवडत होते. व्हय म्हणाले असते तर काय झालं असतं? बोलणी बसली असती. पाहुण्यांपुढे लाज गेली असती. चार दिवस माहेरी धाडलं असतं, फार तर महिनाभर. एवढंच. मी सगळा हिशेब केला आणि म्हटलं, "न्हाई. मला काही सांगितलं न्हाई."

मामंजींसमोर मी चारचौघांत तोंड उघडलं ते आयुष्यात पहिल्यांदा, आणि ते खोटं बोलायला.

चाचा भांडले नाहीत. मी तर त्यांच्या भांडणाची वाट बघत होते, म्हणजे मला मनातल्या मनात त्यांचा राग तरी करता आला असता. ते म्हणाले, "घासलेट आणा. आधी दार उघडू द्या, लेकराचं लगीन हाय." पुन्हा पीस, ठोकळा, खांदा. दार उघडलं. मामंजींनी एकेक दागिना त्यांच्यादेखत, पाहुण्यांदेखत उलटापालटा करून पाहिला. सगळं जागच्या जागी होतं. तरी मामंजी म्हणाले, "तळं राखील तो पाणी चाखील. पुन्हा बोलावणं यावं म्हणून काम कच्चं ठेवलं. जोडचावी केली का न्हाई, कोणाला ठाव."

चाचांनी मजुरी घेतली नाही. कुलूप पुसलेलं फडकं उंबऱ्यावर ठेवलं आणि पायी निघून गेले. लग्न थाटात झालं. त्या दिवशी मी पुरणाचं जेवण जेवले, दोनदा वाढून घेतलं. एवढी निगरगट्ट मी होते. फडकं मात्र उचलून माझ्या पेटीत तळाशी ठेवलं, का ते तेव्हा मलाही सांगता आलं नसतं.

गोष्ट पाहुण्यांबरोबर दहा गावांना गेली. जोडचावीची शंका गाडीतून उतरेपर्यंत जोडचावी झाली आणि पुढच्या गावात चोरी झाली. वर्षाभरात चाचांना तिजोरीला बोलावणारं कोणी उरलं नाही. ते बाजारात विळे आणि सांडशा मांडून बसू लागले.

पाच-सहा वर्षं मी त्यांना लांबूनच टाळलं. मग एका शिवरात्रीला आम्ही बायका औंढ्याच्या जत्रेला गेलो. देवळाच्या वाटेवर चाचा चिमटे मांडून बसलेले. दाढी पांढरी झाली होती. मी नागनाथाचं दर्शन घेऊन आले होते, अंगात पुण्य होतं. म्हटलं, आता होऊनच जाऊ दे. पुढ्यात बसले आणि एका दमात म्हटलं, "चाचा, मी पाटलाची सून. तुमी मला सांगितलं होतं. मी खोटं बोलले."

माझे डोळे भरून आले होते. आता ते 'जाऊ द्या माय' म्हणतील आणि मी मोकळी होईन, असा माझा अंदाज. चाचा चिमटा पुसत होते, पुसतच राहिले.

"हे मला काहून सांगून राहिल्या? मला ठावंच हाय की. मी तिथंच होतो. ज्यांला ठाव न्हाई त्यांला सांगा."

मग त्यांनी दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे तोंड फिरवलं. मी एक चिमटा घेतला. त्यांनी किंमत सांगितली, एक पैसा कमी केला नाही. बरं केलं.

घरी आल्यावर तिसऱ्या दिवशी मी ओसरीवर गेले. मामंजी चार जणांत सुपारी कातरीत बसले होते. त्या वेळचेच दोघे-तिघे होते. मी पदर सावरून म्हटलं, "मामंजी, चाचानं तेल घालू नका म्हणून मला बजावलं होतं. मी तवा खोटं बोलले. त्यांची काही चूक नव्हती." आणि ते फडकं पुढे केलं.

अडकित्ता थांबला. मामंजींनी माझ्याकडे पाहिलं, मग लोकांकडे पाहिलं, आणि हसले. "बघा. कुठं जत्रेत म्हातारा दिसला, हिला दया आली. दुसऱ्याची चूक आपल्या अंगावर घेऊन राहिली. आमची सून लई मोठ्या मनाची हाय." फडक्याकडे बोट करून म्हणाले, "अन् हळदीच्या गावात पिवळं फडकं काय दाखवती? घरोघर हायत."

माणसं कौतुकानं हसली. "नशीब लागतं अशी सून मिळायला," एक जण म्हणाला. मी पुन्हा सांगितलं, माणसं पुन्हा हसली. बायकांत सांगितलं, त्यांनी माझ्या तोंडावरून हात फिरवून बोटं मोडली. खोटं एका शब्दात पटलं होतं. खरं सांगायला लागले तर माझंच नाव मोठं व्हायला लागलं.

त्याच साली पावसाळा सरता सरता निजामाचं राज्य गेलं आणि गावोगावी मुसलमान घरांवर माणसं चालून जाऊ लागली. कोणी कोणाच्या दारात उभं राहायचं ते ठरवण्याचे दिवस आले. आमच्या गावातली दोन मुसलमान घरं मामंजींनी पाठीशी घातली, हे मी डोळ्यांनी पाहिलं. ते खोटं म्हणणार नाही. एवढ्या वर्षांत मी खोटं एकदाच बोलले ते पुरे. एका दुपारी चाचांची सून आली, कडेवर लेकरू, आणि अंगणातच उभी राहिली. आठ दिवस लेकराबाळांना आसरा द्या, म्हणाली. आमच्या दोन खोल्या रिकाम्या होत्या.

मामंजी म्हणाले, "दुसरं कोणी असतं तर ठेवलं असतं. हिच्या सासऱ्याचा हात चांगला न्हाई. घरात तिजोरी हाय."

मी पडद्यामागून बाहेर आले. डोईवर पदर होता की नव्हता, आठवत नाही. "मामंजी, तो माणूस चोर नव्हता. मी सांगितलं ना तुमाला, मी खोटं बोलले."

"तुझं मन मोठं हाय, सूनबाई," मामंजी मायेनं म्हणाले. "आत जा."

मी आत गेले. ती बाई गेली. त्या घरातली माणसं कुठे गेली, किती उरली, मला आजवर कळलेलं नाही. विचारायला वसमतला माणूस धाडला तेव्हा घराला बाहेरून कुलूप होतं.

मामंजींच्या मागे चावी माझ्याकडे आली. पूजा मी दाराच्या कपाळाला करते, भोकात वर्षाला चिमूटभर शिसपेन्सिलीची पूड. कुलूप एकदाही अडलेलं नाही. परवा नातसून शेजारणीला कौतुकानं सांगत होती, की आमच्या आजेसासूनं एका परक्या माणसाचा आळ स्वतःवर घेतला होता. मी स्वयंपाकघरातून ओरडले, तर दोघी हसल्या.

म्हणून हे लिहून ठेवलं. चाचांनी मला सांगितलं होतं. मी न्हाई म्हणाले. वाचून कोणी मला मोठ्या मनाची म्हणू नये.