बुधवारी शेडमध्ये लावलेलं गाणं

कुणी आपण होऊन चांगलं वागलं की मला आधी संशय येतो. आठवीनंतर शाळा सुटली, भंडाऱ्याकडचं धानाचं गाव सुटलं, आणि कामाच्या मागं मी पार कोपरगावला येऊन पडले, तेव्हापासूनची ही सवय. इथल्या रोपांच्या नर्सरीत आमच्याकडच्या बायका एका हंगामापुरत्या आल्या होत्या. हंगाम संपल्यावर बाकीच्या परत गेल्या. मी राहिले, कारण नर्सरीतल्या मुकादमबाईंनी, म्हणजे सगळ्यांच्या मावशींनी, त्यांच्या घराची मागची खोली मला दिली. ते उपकार मी कधी विसरणार नाही. पण खोलीची किल्ली हातात घेताना मनात पहिला प्रश्न हाच आला, की ह्यांना माझ्याकडून काय पाहिजे असेल?

ताईबद्दलही तेच. ताई शेडमध्ये ट्रेच्या कप्प्यांत बी टाकायला माझ्या शेजारी बसायची. माहेर सोनईचं, सासर इथलं, आणि रविवारी चर्चमध्ये गिटार वाजवायची. एकदा जेवणाच्या सुट्टीत तिनं न विचारता इअरफोनचं एक टोक माझ्या कानात घातलं.

"ऐक गं. कालच सापडलंय."

ईशान्येकडच्या डोंगरातला कुठलासा बँड होता. भाषा तिलाही कळत नव्हती आणि मलाही. एक पोरगी हळू आवाजात गात होती, भांडी घासता घासता स्वतःशी गुणगुणावं तसं, आणि मागं गिटार अशी वाजत होती की आमच्याकडं धानाच्या एका बांधीतलं, म्हणजे खाचरातलं, पाणी दुसऱ्या बांधीत सोडल्यावर होतो तो आवाज मला आठवला. मी घास हातात धरून बसून राहिले.

मग मीही शोधायला लागले. सिनेमातली गाणी सोडून माणसं आपापल्या घरात बसून एवढं काही करतात, हे मला ठाऊकच नव्हतं. पुण्यातली तीन पोरं सापडली. त्यांच्या एका गाण्यात मागं चक्क कुकरची शिट्टी ऐकू येते, आणि ती त्यांनी काढून टाकलेली नाही. नागपूरकडचा एक जण सापडला, तो माझ्यासारखा 'मले-तुले' म्हणत गातो. ते ऐकून ताई इतकी हसली की तिला ठसका लागला. तिला जोरात वाजणाऱ्या गिटारी आवडायच्या, मला जरा फाटलेले, न घोटलेले आवाज. रोज दुपारी आमची देवाणघेवाण चालायची, आज तुझ्याकडं नवीन काय, माझ्याकडं हे.

आणि रोज संध्याकाळी मी विचार करायची, की ही माझ्यावर एवढा वेळ का घालवते? पलीकडच्या रांगेतली एक बाई म्हणाली होती, "आता बघ, एक दिवस तुला चर्चात नेईल." ताईनं चर्चचा विषय कधीच काढला नाही. त्यानं तर माझा संशय जास्तच वाढला.

आमच्या शेडमध्ये गाण्यांचे वार ठरलेले आहेत. सोमवारी एकीचा मोबाईल स्पीकरला जोडायचा, मंगळवारी दुसरीचा. जिचा वार, तिनं पुढं स्पीकरजवळ बसायचं आणि बियांची वाटीही तिच्याकडंच. तिनं सगळ्यांच्या तळहातावर बी द्यायचं आणि शेवटी उरलेलं गोळा करून मावशींकडं परत द्यायचं. नव्या बाईला वार मिळत नाही. मला बुधवार मिळाला तेव्हा मी मावशींच्या पाया पडले. त्या म्हणाल्या, "गान्याचा वार दिलाय, सरपंच न्हाई केलं."

काय लावायचं याची मला धास्ती. बाकीच्या हळदीची, खंडोबाची, नाहीतर डीजेची गाणी लावायच्या. ताई म्हणाली, "आपलं लाव की. त्यांनाही कळू दे." ही मला तोंडावर पाडते की काय, असं वाटलं. तरी लावलं. पुण्याच्या पोरांचं नवं गाणं, लांबलचक, सकाळभर पुन्हा पुन्हा. एकीनं फक्त विचारलं, "ह्यात लग्न कुनाचं हाय?"

चार-पाच दिवसांनी झाकलेले ट्रे उघडले आणि मावशी ओरडल्या. टोमॅटोच्या कितीतरी ट्रेंमध्ये जागोजागी कप्पे रिकामे होते, उकरलं तर आत बीच नव्हतं. आमच्याकडं प्रत्येक वाराची वेगळ्या रंगाची काडी ट्रेमध्ये खोचतात. रिकाम्या कप्प्यांच्या सगळ्या ट्रेंत पिवळी काडी होती. पिवळा म्हणजे बुधवार.

टोमॅटोचं हायब्रिड बी इथं सोन्यासारखं जपतात, पाकीट मावशी स्वतः फोडतात. बी कमी पडलं म्हणजे कुणीतरी कंबरेला खोचलं, असाच अर्थ निघतो. आणि बुधवारी वाटी माझ्याकडं होती.

"वाटी हिच्याकडंच हुती ना?" मागून कुणीतरी बोललं.

"तिकडं गावाकडं लावायला धाडलं आसंल."

"धानाच्या गावात टमाटं? तू पन ना."

मावशी माझ्याकडं न बघता रिकामे कप्पे मोजत राहिल्या. मला ते जास्त लागलं. चोर ठरले तर काम जाणार होतंच, पण खोलीही जाणार होती, आणि या जिल्ह्यात मला दुसरं दार माहीत नव्हतं. दुपारी पाण्याच्या टाकीमागं मी ताईला मावशींशी बोलताना पाहिलं. ताई हातवारे करून काहीतरी सांगत होती, आणि मध्येच दोघींनी माझ्याकडं पाहिलं. मी मनात म्हटलं, झालं, हिनंच माझं नाव सांगितलं. इतके दिवस गाणी ऐकवली ती यासाठीच. त्या दुपारी मी इअरफोन घेतला नाही. ताईनंही आग्रह केला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मावशींनी सगळ्यांना रांगेत बसवलं, रिकामे ट्रे पुढं ठेवले आणि तळहातावर टोमॅटोऐवजी धणे दिले.

"तुजा मोबाईल आन. बुदवारचं तेच गानं लाव."

मी मोबाईल स्पीकरला जोडला. गाणं सुरू झालं. बायका धणे टाकायला लागल्या. आमच्या शेडमध्ये कुणी कप्प्याकडं बघून बी टाकत नाही. हात गाण्याच्या ठेक्यावर चालतो, एका ठोक्याला एक बी, आणि लगेच पुढचा कप्पा. त्या गाण्यात मध्येच ठेका थांबतो, मग भलत्याच जागी पुन्हा सुरू होतो. ते मला आवडायचं ते त्याच्यासाठीच. ठेका थांबला, सगळ्यांचे हात सवयीनं पुढच्या कप्प्यावर गेले, पण बोटातलं बी सुटलंच नाही. मावशीही रांगेत बसल्या होत्या. गाणं संपल्यावर त्यांनी स्वतःच्या ट्रेकडं पाहिलं. त्यांचेही कप्पे सुटले होते.

"हे गानं हाय का गचके खानारी एसटी?" त्या म्हणाल्या. मग ट्रे बाजूला सारून, "बुदवारी वाटीत बी जास्तच परत आलं हुतं. मीच पाकिटात भरलं. माज्या ध्यानातच न्हाई आलं."

मग एकदम सगळ्याच हसल्या.

"वार तुजा तुलाच," मावशींनी मला सांगितलं. "पन बी टाकताना हे लावायचं न्हाई. ट्रे धुताना लाव. तवा गचके बसले तरी चालत्यात."

जेवणाच्या सुट्टीत मी ताईला विचारलं, "टाकीमागं काय सांगत होतीस?"

"हेच. घरी ताटात धणे टाकून बघितलं मी, ते गाणं लावून. माझा हात चुकला, मग म्हटलं सगळ्यांचाच चुकला असणार." ती माझ्याकडं बघत राहिली. "तुला वाटलं मी चुगली केली."

"नाही."

"खरं सांग."

"हो," मी म्हटलं.

"मलापण वाटलं असतं," ती म्हणाली आणि डबा उघडला. तिनं मला माफ केलं, की हिशेब मनात ठेवून दिला, हे तिच्या चेहऱ्यावरून मला वाचता आलं नाही. आभार मानायचे होते, ते भाकरीबरोबर गिळले गेले.

संध्याकाळी मी मावशींच्या ओट्यावर उभी राहिले. "मावशी, खोलीचं काय?"

"खोलीचं काय?"

"मी राहू ना?"

"मग कुटं जानार? फक्त उद्या तिथं कांदे टाकायचेत. तू जरा भिंतीकडं सरकून झोप."

कांदे आले. अर्धी खोली त्यांनी भरली आहे. मावशी दिवसातून एकदा तरी येतात, चार कांदे उलटेपालटे करतात, माझ्या अंथरुणाकडं, उशाशी ठेवलेल्या मोबाईलकडं नजर टाकतात आणि जातात. त्या कांदे बघायला येतात की मला, हे मी अजून ठरवलेलं नाही. आल्या की मी उठून त्यांना पाणी देते.